सरोजिनीबाई गाडीखाली गेल्या!

"स्टिअरिंग दुरुस्त करायला अक्कल लागते आणि थोडं भौतिकशास्त्र लागतं. सुदैवाने माझ्याकडे दोन्ही आहेत!"

हे वाक्य मी गुरुवारी दुपारी, भर सर्व्हिस सेंटरमध्ये, पाच अनोळखी माणसांसमोर बोलले. त्या पाचांपैकी एकाने टाळी वाजवली. तीच चूक झाली. माणसाला टाळी मिळाली की माघार घेता येत नाही.

मी सरोजिनी. कर्वेनगरात राहते. शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्याकडे चौदा वर्षांची एक छोटी पांढरी गाडी आहे. ती महिनाभर डावीकडे ओढत होती. खड्ड्यातून गेली की पुढून 'कट्-कट्' असा आवाज यायचा. स्टिअरिंगचं तर विचारूच नका! चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नाही. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यासारखं! आपण द्यायचा, आणि तो पलीकडे कधी पोचतो ते बघत बसायचं.

माझे यजमान शरच्चंद्र सरकारी अभिलेखागारातून निवृत्त झालेत. ते एवढंच म्हणाले, "आवाज नक्की गाडीचाच आहे ना? तुझे गुडघेही हल्ली वाजतात."

म्हणून मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे दिग्विजय नावाचा तरुण होता. त्याने गाडीकडे न बघता हातातल्या टॅबलेटकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅम, कम्प्लीट स्टिअरिंग असेंब्ली चेंज करावी लागेल. पार्ट नेक्स्ट वीकमध्ये येईल."

"अरे, पण मला सोमवारी गाडी हवी आहे! आणि नेमकं काय झिजलंय?"

"मॅम, ते थोडं टेक्निकल आहे."

टेक्निकल! मला! त्याच क्षणी मी ते वर लिहिलेलं वाक्य बोलले.

आता सोमवारचं सांगते. माझ्या मोठ्या नणंदबाई, यमुनावन्सं, हडपसरला एकट्या राहतात. वय वर्षं एकाहत्तर. लग्नामुळे त्यांची शाळा दहावीच्या आधीच सुटली. मग सासर, दिरांची शिक्षणं, मुलांची शिक्षणं, सगळं झालं. पासष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या अभ्यासाची पुस्तकं हातात घेतली. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाल्या आणि आता एम.ए.ला बसल्यात. गेल्या वर्षी पहिल्याच पेपरला जाताना त्या रिक्षातून पडल्या, मनगट मोडलं आणि वर्ष बुडालं. तेव्हापासून त्या रिक्षात काय, बसमध्येही पाय ठेवत नाहीत. यंदा मी त्यांना शब्द दिला होता. "वन्सं, तुमचं परीक्षेचं केंद्र आमच्या कर्वेनगरातच आहे. सोमवारी सकाळी माझी गाडी तुमच्या दारात उभी राहील!"

शब्द दिला तेव्हा गाडी फक्त जरा डावीकडे बघत होती. आता ती चालवणं धोक्याचं झालं होतं.

शुक्रवारी सकाळी मी कामाला लागले. पुढची दोन चाकं जाड फळ्यांवर चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. शरच्चंद्रांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि सांगितलं, "मी खालून ऐकते. तुम्ही फक्त स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवत राहा. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही!"

"लेखी दे," ते म्हणाले. पण बसले.

आवाज नेमका कुठून येतो हे कळायला हवं ना? म्हणून मी यांचं बीपी मोजायचा स्टेथोस्कोप घेतला, तो कानात घातला आणि गाडीखाली शिरले. पाय तेवढे बाहेर राहिले.

खाली काय सुंदर ऐकू येत होतं म्हणून सांगू! प्रत्येक सांध्याचा आवाज वेगळा! मी रंगून गेले. स्टेथोस्कोपमुळे बाहेरचं मात्र काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

नेमक्या तेव्हा चौथ्या मजल्यावर स्वयंपाकाला येणाऱ्या सुंदराबाई पार्किंगमध्ये आल्या. त्यांना काय दिसलं असेल? गाडीखालून बाहेर आलेले माझे दोन पाय! आणि ड्रायव्हरच्या जागी, काचा बंद करून, एकदा मारून समाधान न झाल्यासारखे जोरजोरात स्टिअरिंग फिरवणारे शरच्चंद्र!

"अगं बाई!" सुंदराबाईंनी किंकाळी फोडली. "सरोजिनीबाई गाडीखाली गेल्या! साहेबांनी अंगावर गाडी घातली!"

तळमजल्यावर राहणारा अवधूत आमच्या सोसायटीचा सचिव आहे. तो संगणक कंपनीत आहे, त्यामुळे घरूनच काम करतो आणि सगळीकडे पहिला पोचतो. त्याने एका हाताने अॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि दुसऱ्या हाताने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'सरोजिनीकाकू गेल्या.' घाईघाईत 'गाडीखाली' हा शब्द राहून गेला.

मला एकदम जाणवलं, कोणीतरी माझे पाय धरून ओढतंय!

"सोडा!" मी खालून ओरडले. "मला अजून ऐकू येतंय!"

"काकूंना ऐकू येतंय!" अवधूत बाहेर ओरडला. "शुद्धीवर आहेत!"

मला बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. शरच्चंद्रांना दोघांनी दंडाला धरून गाडीतून उतरवलं होतं आणि ते शांतपणे सांगत होते, "तिनेच सांगितलं होतं थांबू नका म्हणून." या वाक्याचा जमावावर फार वाईट परिणाम झाला.

तेवढ्यात अॅम्ब्युलन्स आली! ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन धावत आला. त्याचं नाव शंभू, वाशीमकडचा. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बाई, रक्त असं काळं कायचं?"

"ते ग्रीस आहे."

सोबतच्या डॉक्टरीणबाईंनी माझं बीपी घेतलं. उत्तम निघालं. मग त्यांनी शरच्चंद्रांचं घेतलं. ते इतकं चढलं होतं की त्यांना तिथेच पाच मिनिटं आडवं केलं, माझ्यासाठी आणलेल्या स्ट्रेचरवर! त्या पाच मिनिटांत शंभू माझ्या गाडीपाशी उभा राहिला.

"काय पाहून राहिल्या होत्या बाई खाली?"

मी सांगितलं. त्याने जॅक लावला, डावं चाक उचललं, चाकाच्या डाव्या-उजव्या कडा दोन हातांत धरल्या आणि हलवल्या. कट्-कट्! मग वर-खाली धरून हलवलं. शांत.

"पाहा. आडवं हलते, उभं नाही हलत. म्हणजे टाय रॉड एन्ड गेला तुमचा. स्टिअरिंगच्या दांड्याचा हा शेवटचा सांधा. बाकी सगळं ठणठणीत आहे. पूर्ण स्टिअरिंग बदलाले कोणी सांगितलं?"

"टॅबलेटने!" मी म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्याला शाळेतल्या पद्धतीने पाठीवर शाबासकी दिली. त्याच्या पांढऱ्या गणवेशावर पाच काळी बोटं उठली.

"तुम्ही करू शकता बाई," तो म्हणाला. "सांधा अडला तर इथं बाजूनं हातोडी मारजा. फक्त एक ध्यानात ठेवजा. जुना काढताना किती आटे फिरवले ते मोजजा. नवा तेवढेच आटे बसवजा. अन् अलाइनमेंट, म्हणजे चाकं एका रेघेत केल्याबिगर लांब जायचं नाही. धायरीत ज्ञानदेव मिस्त्री आहे, रविवारीबी उघडं ठेवते." त्याने नंबर दिला आणि पेशंट नसलेली अॅम्ब्युलन्स घेऊन गेला.

मी वर आले, हात धुतले, फोन बघितला. सोसायटीच्या ग्रुपवर बावीस जणांनी मला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी 'फार शिस्तीच्या होत्या' असंही लिहिलं होतं. मी उत्तर दिलं, 'सर्वांची आभारी आहे.' त्यावर ग्रुपमध्ये जी शांतता पसरली, ती संध्याकाळपर्यंत टिकली.

पण ती बातमी तोवर हडपसरला पोचली होती! वन्संचा फोन आला. मी "हॅलो" म्हटल्यावर पलीकडे आधी नुसतंच रडणं. मग एकदम कडक आवाज.

"सरोजिनी, मी नाही देत परीक्षा."

"वन्सं, मला काहीही झालेलं नाही!"

"माझ्यापायी हे व्हायला नको. गेल्या वर्षी मी पडले, यंदा तू गाडीखाली. देवाच्याच मनात नाही माझं एम.ए. मी पुस्तकं बांधून ठेवलीत."

वन्संनी स्वतःसाठी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी स्टेथोस्कोप घालून घालवत होते!

"वन्सं," मी म्हणाले, "पुस्तकं सोडा. गाडीला काय झालंय ते मला सापडलंय. एवढासा सांधा आहे. तो मी स्वतः बदलणार, मिस्त्रीकडून तपासून घेणार, आणि तो 'हो' म्हणाला तरच तुमच्याकडे येणार."

वन्संनी आधी नाक शिंकरलं.

"तू स्वतः करणार?"

"स्वतः."

"...बरं. मग पुस्तकं सोडते. पण गाठ सैल ठेवते हो!"

शनिवारी सकाळी मी सुट्या भागांच्या दुकानात उभी. मालक पेपर वाचत होते. गाडीचं नाव सांगितलं, टाय रॉड एन्ड मागितला.

"डावा की उजवा?" पेपर खाली न करता प्रश्न.

"कोणाच्या दृष्टीने?" मी विचारलं. भौतिकशास्त्रात हे आधी ठरवावं लागतं.

"बाई, गाडीला दृष्टी नसते. डावा की उजवा?"

मी डोळे मिटून आठवलं. गाडीसमोर उभी राहिले तर शंभूने हलवलेलं चाक माझ्या उजव्या हाताला! "उजवा!" मी ठामपणे म्हणाले. घरी आले, जुन्या सांध्याशेजारी नवा धरला, आणि तो आरशातल्या प्रतिबिंबासारखा नेमका उलटा! गाडीची बाजू तिच्यात बसून मोजतात, तिच्यासमोर उभं राहून नव्हे.

परत गेले. मालकांनी पेपर खाली केला. काउंटरवर डावा काढूनच ठेवला होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"समोरून बघितलं असणार हे तेव्हाच कळलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलंत कुठे?"

अकरा वाजता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया सुरू झाली. काल श्रद्धांजली वाहिलेली सगळी मंडळी खुर्च्या घेऊन पार्किंगमध्ये हजर होती. चाक काढलं. नट सैल केला. पण सांधा काही सुटेना! मी तरफेचा नियम लावला. बल गुणिले अंतर, सगळं केलं. सांधा हलला नाही, पण माझा खांदा हलला.

"बाजूला व्हा बाई," सुंदराबाई म्हणाल्या. कालच्या किंकाळीची भरपाई करायची त्यांना फार इच्छा होती. पदर खोचला, हातोडी घेतली. "कुठं मारू?"

शंभूने सांगितलेली जागा मी दाखवली. दोन घाव! टण्! टण्! सांधा मुकाट्याने खाली आला. एकतीस वर्षांत माझ्या कुठल्याही प्रयोगाला इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या, आणि त्याही सुंदराबाईंना!

आता आटे मोजायचे. शरच्चंद्र वही-पेन घेऊन बसले. मी सांधा फिरवत मोठ्याने मोजू लागले. "सहा... सात... आठ... नऊ..."

"काकू," अवधूतने विचारलं, "उद्या पाण्याचा टँकर किती वाजता येणारे, तुम्हाला निरोप होता ना?"

"अकरा. बारा... तेरा... चौदा..."

एकोणीसला सांधा हातात आला. शरच्चंद्रांनी वहीत लिहिलं, 'एकोणीस', आणि खाली तारखेसह सही केली. मी नवा सांधा एकोणीस आटे बसवला, नट घट्ट केला, त्याला पिन घातली, चाक चढवलं. जॅक खाली केला. चाक धरून हलवलं. ना कट्, ना कुट्! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुंदराबाईंच्याही आलं. अवधूतने ग्रुपवर टाकलं, 'शस्त्रक्रिया यशस्वी.'

रविवारी सकाळी धायरीला निघालो. अगदी हळू, डाव्या कडेने. सोसायटीच्या फाटकाबाहेर पडताच शरच्चंद्रांनी दाराची मूठ घट्ट धरली.

"वळतेयस कुठे?"

"मी सरळच चाललेय!"

"मग स्टिअरिंग वाकडं का?"

खरंच! गाडी सरळ चालली होती आणि स्टिअरिंग मान वाकडी करून उजवीकडे बघत होतं. सरळ केलं की गाडी डाव्या फुटपाथकडे! टायरं चूं-चूं करत होती. सायकलवाल्या एका आजोबांनी आम्हाला मागे टाकलं, आणि टाकताना माझ्या हातांकडे बघून, "उजवीकडे वळायचं तर आधी सिग्नल दाखवा!" असं सुनावलं. मी दाखवला. मग मागचे सगळे मी वळायची वाट बघत थांबले. मी वळलेच नाही. त्यानंतर मागून जे शब्द आले, ते मी शाळेत असताना ऐकले असते तर पालकांना बोलावलं असतं.

जे बसवलं ते चुकीचं बसलं, हे स्पष्ट होतं. वन्संना आता काय सांगू? पुस्तकांची गाठ सैल ठेवलीय, ती घट्ट करा?

ज्ञानदेव मिस्त्री साठीचे, गळ्यात उपरणं, डोळ्यांवर जाड चष्मा. ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मला दहावीचा निकाल लागताना जसं व्हायचं तसं झालं. आमच्या मुलांचा नव्हे, माझ्या स्वतःच्या दहावीचा!

"ह्ये कुनी बशिवलं?" खालून आवाज आला.

शरच्चंद्रांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाई, तुमी?" ते बाहेर आले. "नट बराबर, पिन बराबर, काम एकदम पक्कं हाय. माझ्याकडं धा-धा वर्सं काम केलेले बी पिन घालायची इसरत्यात. फकस्त दोन आटं जास्ती गेल्यात."

"शक्य नाही! मी मोजून एकोणीस बसवले! वहीत नोंद आहे!"

शरच्चंद्र हळूच खोकले. "तू नऊनंतर टँकरची वेळ सांगितलीस, अकरा. मग पुढच्या आट्याला थेट बारा. म्हणजे खरे सतराच."

"अहो! तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि बोलला नाहीत?"

"एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला आकडे मी कसे शिकवणार? मला वाटलं भौतिकशास्त्रात दहा-अकरा घेत नसतील."

ज्ञानदेव मिस्त्री इतके हसले की त्यांचा चष्मा उपरण्यात पडला. मग त्यांनी गाडी अलाइनमेंटच्या यंत्रावर चढवली, चाकांना आरसे लावले, पडद्यावरचे लाल आकडे एकेक करत हिरवे केले. मला बोलावून शेवटचा नट माझ्याच हाताने आवळायला लावला. मग गाडी स्वतः फिरवून आणली आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "न्या आता कुटंबी. सोनं झालंय."

मी तिथूनच वन्संना फोन केला. "मिस्त्री 'हो' म्हणाले!"

"तोंड धुऊन ये हो उद्या," वन्सं म्हणाल्या. "ग्रीस लावून परीक्षा केंद्रावर नको."

सोमवारी पावणेआठला आम्ही दोघं हडपसरला. वन्सं फाटकाशी उभ्या होत्या. इस्त्रीची हिरवी साडी, हातात पारदर्शक पिशवी, तिच्यात चार पेनं. गाडीत बसायला त्यांना पाच मिनिटं लागली. एक पाय आत, मग बाहेर, मग पुन्हा आत. मी दार धरून उभी राहिले. दार लावल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि पाठ केलेलं पुटपुटायला लागल्या.

गाडी काय चालत होती! लोण्यातून सुरी! ना ओढ, ना आवाज. स्टिअरिंग बोट लावलं की ऐकत होतं. मला राहवेना. रस्ता जरा मोकळा मिळाला तशी मी म्हणाले, "वन्सं, डोळे उघडा! हे बघा, दोन्ही हात सोडले तरी गाडी सरळ!"

क्षणभरच सोडले हो! पण वन्संनी नेमकं त्याच क्षणी बघितलं. त्या जे ओरडल्या, त्यापुढे सुंदराबाईंची किंकाळी म्हणजे अंगाई! त्यानंतर केंद्रापर्यंत त्या पाठांतर सोडून रामरक्षा म्हणत होत्या.

पण पोचलो! साडेनऊलाच! वन्सं उतरल्या, पदर सारखा केला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वळूनसुद्धा न बघता आत चालत गेल्या. त्या शेकडो मुलांमध्ये ती हिरवी साडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बघत राहिलो. शरच्चंद्रांनी उगाचच चष्मा पुसला.

एक वाजता वन्सं बाहेर आल्या. चेहरा नुसता फुललेला! बरोबर निळ्या कुर्त्यातली एक मुलगी.

"सरोजिनी, सगळे प्रश्न सोडवले! दोन पुरवण्या घेतल्या! आणि ही ऋतुजा, माझ्या पुढच्या बाकावर होती. हडपसरचीच आहे. उरलेल्या तीन पेपरांना मी हिच्याबरोबरच येणार."

"अरे वा! हिच्याकडे गाडी आहे?"

"स्कूटर."

"वन्सं! तुम्ही? स्कूटरवर?"

"मग काय झालं?" वन्सं शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या गाडीत बसून आले, आता आणखी कशाला घाबरायचं! माझी भीतीच गेली बघ."

आणि खरंच, त्यांनी ऋतुजाकडचं जादा हेल्मेट घातलं, पदर खोचला, मागे बसल्या आणि आम्हाला हात हलवत निघाल्यासुद्धा! एकाहत्तर वर्षांची विद्यार्थिनी, दोन पुरवण्यांची!

मी सांधा बदलला, आटे मोजले, गाडी सोन्यासारखी केली, आणि माझी एकमेव प्रवासी स्कूटरवरून गेली. पण खोटं कशाला सांगू? मला फार बरं वाटलं.

फक्त एक गोष्ट मला खटकली. वळणावर त्या स्कूटरचा मागचा ब्रेक किंचित करकरला. मी तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नकोस!" शरच्चंद्र म्हणाले.

मी नाही बोलले. बुधवारी ती मुलगी पेपरला येईल तेव्हा सहज दोन मिनिटं बघून घेईन म्हणते. स्टेथोस्कोप मी पर्समध्येच ठेवलाय, पण हे यांना सांगू नका!